पंखावरून कुळाची ओळख

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मृगाला आठ दिवस उरले होते. रोहण्याला घराच्या ओट्यावर संध्याकाळचा बसलो होतो. शेजारचा सातवीतला मुलगा वहीच्या दोन पानांत काहीतरी जपून धरून आला.

"काका, हा पंख कशाचा आहे जी?"

वही उघडली. आत काचेसारखा पारदर्शक, बोटाच्या दोन पेरांएवढा लांब पंख. त्यावर तपकिरी शिरांची रेखीव जाळी. त्याची आई दारातूनच म्हणाली, "रातकिड्याचा असन, दुसरं काय!"

तिचे काही चुकले नाही. उन्हाळा सरताना झाडाझाडांतून जो कानठळ्या बसवणारा किर्र आवाज येतो, त्या किड्याला आपण सरसकट रातकिडाच म्हणतो. पण खरा रातकिडा वेगळा. तो नाकतोड्याच्या नात्यातला, जबड्याने कुरतडून खाणारा, आणि पंखावर पंख घासून आवाज काढणारा. हा पंख होता सिकाडाचा. सिकाडाला जबडा नाही, सोंड आहे. ती झाडात खुपसून तो रस पितो. त्याचा नर पोटाच्या बुडाशी असलेल्या दोन पडद्यांच्या ढोलकीने आवाज करतो. त्याची पिल्ले जमिनीखाली मुळांचा रस पिऊन वर्षानुवर्षे राहतात. मग एक दिवस वर येऊन, खोडाला धरून कात टाकतात. ती पोकळ कात झाडाला चिकटलेली आपण सर्वांनी पाहिली आहे.

आता शेतकरी बंधुभगिनींनी कान द्यावा. या सिकाडाचे जवळचे सोयरे आपल्या शेतात आहेत. कपाशीवरचा तुडतुडा, मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, संत्र्यावरची सायला आणि कोळशी आणणारी काळी माशी, ही सगळी सोंडेने रस पिणाऱ्या एकाच मोठ्या गोतातली मंडळी. त्यातही तुडतुडा सिकाडाला सर्वांत जवळचा.

मुलाला एवढे सांगितले, तर त्याने पुढचा प्रश्न टाकला. "नुसत्या पंखावरून कसं कळते काका?" या एका प्रश्नावर जगातल्या विद्वानांनी दीडशे वर्षे खर्ची घातली आहेत. तीच हकिकत आज सांगतो.

किड्याचा सातबारा

जमीन कोणाची हे सातबाऱ्यावरून कळते. किडा कोणाचा हे पंखावरून कळते. किडा मेला की अंग कुजते, मुंग्या ते वाहून नेतात. पाखरेही अंग खातात आणि पंख टाकून देतात. पंख कठीण आणि कोरडा, त्याला कोणी विचारत नाही. तो वाऱ्याने उडून तळ्यात पडला, तळाच्या बारीक गाळात दबला, आणि त्या गाळाचा पुढे दगड झाला, की पंखाची शीर न् शीर त्या दगडावर उमटून राहते. म्हणूनच नामशेष झालेल्या कित्येक किड्यांचे फक्त पंखच आपल्या हाती आहेत.

पंखावरच्या शिरा वाटेल तशा पसरलेल्या नसतात. वर्धा नदीला कोणता नाला कोठे मिळतो हे जसे नकाशावर ठरलेले, तसे प्रत्येक कुळाच्या पंखात शिरांचे फाटे ठरलेले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॉमस्टॉक आणि नीडहॅम या दोन प्राध्यापकांनी १८९८ च्या सुमारास सगळ्या किड्यांच्या पंखांसाठी शिरांची एकच नामावली बसवली. पुढच्या काठाची शीर, तिच्यामागची, मग मधल्या, शेवटी बुडाकडच्या. त्यामुळे मुंगीपासून फुलपाखरापर्यंत कोणाचीही शीर कोणाशीही ताडून पाहता येऊ लागली.

सिकाडाच्या गोताच्या काही खुणा अशा. पुढच्या पंखाच्या बुडाशी मागच्या बाजूस एक तिकोनी तुकडा एका घडीने वेगळा पडतो. काठाच्या थोडे आतून, काठाला धरून एक शीर फिरते, जशी शेताच्या धुऱ्याला धरून गाडवाट जावी. पंखाच्या मध्याजवळ एक आडवी रेषा असते, तेथे पंख उडताना लवतो. आजच्या बहुतेक सिकाडांच्या पुढच्या पंखाच्या टोकाकडे शिरांनी आखलेली आठ घरे ओळीने असतात. मुलाला भिंग दिले. त्याने बोट ठेवून मोजली. आठ भरली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगावा!

टाकळीचा दगड

तुम्ही म्हणाल, हे दगडातले किडे कोठे दूर विलायतेत असतील. तसे नाही. आपल्या रोहण्यापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर, नागपूरला, असे पंख सापडले आहेत.

स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी नागपूरला राहत. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आहे ना, ते याच हिस्लॉपच्या नावाचे. दोघांना दगड पाहण्याचा नाद. १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला, जी आता शहरातच सामावली आहे, त्यांना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख दिसले. मग त्यांनी तो थर धुंडाळला. फळे, बिया, लाकूड, मासे असे काय काय निघाले. त्यातच निघाली भुंगेऱ्यांच्या पंखांची झाकणे. भुंगेऱ्याचा पुढचा पंख टणक होऊन मागच्या पंखाचे झाकण बनतो. तेवढीच झाकणे राहिली होती, बाकी भुंगेरा गेला होता.

ही झाकणे विलायतेला गेली. ॲन्ड्र्यू मरे या किड्यांच्या अभ्यासकाने ती तपासली आणि १८६० साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात नागपूरच्या या किड्यांवर टिपण छापले. त्याने एकाला हंटरचे नाव दिले, 'मेरिस्टॉस हंटेरी', आणि दुसऱ्याला हिस्लॉपचे, 'लोमॅटस हिस्लोपी'. आपल्या मुलखातल्या किड्यांना नुसत्या पंखावरून कूळ लावण्याची ही फार जुनी नोंद. हिस्लॉप मात्र पुढे फार जगला नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात त्याचा अंत झाला.

ते किडे दगडात गेले कसे, हे आपल्या काळ्या मातीच्या जन्माशी जुळलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या मुलखात जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला. तो थिजून आपला काळा दगड झाला आणि तोच झिजून आपली कपाशीची काळी माती झाली. हा रस एका दमात वाहिला नाही. मध्ये हजारो वर्षांचे खंड पडत. खंडात तळी साचत, झाडे वाढत, किडे उडत. मग पुन्हा रस येई आणि तळ्याचा गाळ खाली गाडला जाई. टाकळीचा थर म्हणजे अशाच एका तळ्याचा गाळ. आपण नांगर घालतो त्या मातीच्या पोटात असे थर दडलेले आहेत. आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाकडे, कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुनखडीत तर याच्याही कितीतरी आधीचे मासे आणि किडे मिळाले आहेत.

फुलपाखरू ठरलेला सिकाडा

टाकळीला भुंगेरे मिळाले. सिकाडाच्या जुन्या भाऊबंदांची खरी कथा मात्र इंग्लंडात सुरू होते. तेथे ऑक्सफर्डजवळ स्टोन्सफील्डच्या खाणीत एक पंख मिळाला. रुंद, शिरांनी भरलेला. ब्रिटिश म्युझियममधील आर्थर बटलर हा फुलपाखरांचा मोठा जाणकार. त्याने १८७३ साली जाहीर केले, की हे जगातले सर्वांत जुने फुलपाखरू. नाव ठेवले 'पॅलिऑन्टिना ऊलिटिका'.

अमेरिकेतला सॅम्युअल स्कडर हाही फुलपाखरांचाच जाणकार. त्याने शिरांचे फाटे तपासले आणि १८७५ साली स्पष्ट लिहिले, की हे फुलपाखरू नव्हे, हा सिकाडाच्या गोतातला किडा आहे. पण त्याचे सगळ्यांनी ऐकले नाही. व्हिएन्नाच्या हान्डलिर्श यांनी १९०६ ते १९०८ मध्ये दगडातल्या किड्यांचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात हा पंख पुन्हा पतंगांच्या बाजूला गेला. पुढे रशियात असे आणखी पंख निघाले. तेथील बेकर-मिग्दिसोवा या बाईंनी १९४९ च्या सुमारास त्यांचा नीट अभ्यास करून हे सोंडवाल्या, रस पिणाऱ्या गोतातलेच आहेत असे पक्के केले. पाऊणशे वर्षांनी स्कडरचे म्हणणे खरे ठरले.

चूक झाली तरी कशी? या किड्यांचे पुढचे पंख रुंद, मागचे लहान. पुढे पूर्ण किडे मिळाले, तेव्हा त्यांचे अंगही जाडजूड आणि केसाळ दिसले. दुरून पाहाल तर हुबेहूब पतंग! रूप पाहून नाव ठेवले, कूळ पाहून नव्हे. त्या चुकीची खूण अजून पुसलेली नाही. यातल्या कित्येक किड्यांच्या नावाच्या शेवटी 'कॉसस' हा शब्द आहे, आणि 'कॉसस' हे खोड पोखरणाऱ्या एका पतंगाचे नाव. एकदा सातबाऱ्यावर चुकीचे नाव चढले की ते निघता निघत नाही, तसेच हे.

हे सगळे कूळ आता नामशेष आहे. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीनंतर त्याचा मागमूस लागत नाही. २०२४ साली चिनी संशोधकांनी त्याच्या पंखांचा आकार काळाप्रमाणे कसा बदलला हे मोजले. पाखरे आकाशात आली, त्या काळात हे पंख अधिक वेगाने उडता येईल असे होत गेले, असे त्यांना दिसले. मागे भक्षक लागला की पळण्याची कला शिकावीच लागते.

सिकाडाची आणखी एक जुनी शाखा मात्र दोन जातींपुरती जिवंत आहे, ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात. केसाळ अंगाचे, रात्री वावरणारे हे सिकाडा आपल्यासारखे ढोल बडवीत नाहीत. ते फांदीतून बारीक कंप पाठवून एकमेकांना निरोप देतात. गंमत अशी, की आपल्या कपाशीवरचा तुडतुडाही असाच पानातून आणि देठातून कंप पाठवून जोडीदाराला बोलावतो. आपल्याला ते ऐकू येत नाही इतकेच.

एकाच माणसाची दोन नावे

पंखावरून ओळखण्यात दुसरा धोका उलटा आहे. थोडा फरक दिसला की नवीन नाव ठेवण्याचा. चीनच्या इनर मंगोलियात दाओहुगौ नावाच्या ठिकाणी सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात या पतंगासारख्या सिकाडांचे ढीगभर नमुने मिळाले. सुरुवातीला एकेक पंख पाहून नवनव्या जाती ठरवल्या गेल्या. पुढे एकाच जातीचे पुष्कळ नमुने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कळले, की शिरांचे बारीक फाटे एकाच जातीतही कमीजास्त असतात. मग कित्येक नावे रद्द करून एकात एक मिळवावी लागली.

यात नवल नाही. एकाच वरंब्यावरच्या दोन झाडांची पाने तरी कोठे सारखी असतात? जिवंत किड्याच्या डाव्या आणि उजव्या पंखातही बारीक फरक असतो. त्यातून दगड दाबला गेला की पंख कधी लांबट, कधी आखूड दिसतो. म्हणून जाणकार माणूस एका पंखावर निकाल देत नाही. पुढचा की मागचा, डावा की उजवा, सरळ की दाबलेला, हे आधी ठरवतो. दहा-वीस नमुने शेजारी मांडतो. कोणती खूण सगळ्यांत कायम आहे आणि कोणती बदलते, हे पाहतो. मगच नाव लिहितो.

माझी चूक

हे सारे मी आज शहाणपणाने सांगत आहे. पण एकदा मी स्वतः बटलरसारखाच फसलो आहे.

२००९ च्या हंगामातली गोष्ट. एका गावी दोन एकर कपाशी लालसर पडली होती. त्या वर्षांत बीटी कपाशीवर लाल्या फार दिसे. पानाला मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडले, रात्री थंडी वाढली, की पाने लाल होतात. मी धुऱ्यावर उभा राहून पाहिले आणि सांगून टाकले, "लाल्या आहे. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन फवारण्या घ्या." मला घाई होती, पुढे आणखी दोन गावे करायची होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. कपाशी आणखी बिघडली होती. पाने काठाकडून आत वाळत चालली होती, कडा खाली वळल्या होत्या. घरधनी काही बोलला नाही. निंदणाचा विळा हाती घेऊन त्याची बायको पुढे आली.

"साहेब, तुम्ही वरूनच पाहून राहिले जी. पान पलटवा ना. खाली पाहा, किती उड्या मारून राहिले ते!"

मी पान पलटले. खाली हिरवट, पाचरीसारखे तुडतुडे तिरपे तिरपे पळत होते. एकेका पानावर दहा-दहा. पाने लाल झाली होती ती त्यांनी रस पिऊन पिऊन. खताचा पैसा गेला, पंधरा दिवस गेले, आणि त्या घराच्या हाती त्या वर्षी निम्मा कापूसही आला नाही. घरधन्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणूनच ते आजवर खुपते. तेव्हापासून मी धुऱ्यावरून निदान सांगणे सोडले.

पानाखालचे पंख

बंधुभगिनींनो, दगडातला पंख ओळखण्याची रीत आणि पानाखालचा किडा ओळखण्याची रीत एकच आहे. भिंग पन्नास-शंभर रुपयांत मिळते. ते घरात असू द्या. मग कपाशीत उतरा आणि पंख पाहा.

तुडतुडा: हिरवट, पंख कौलारू छपरासारखे अंगावर मिटलेले. पुढच्या प्रत्येक पंखावर टोकाजवळ एक काळा ठिपका. चालतो तिरपा.

पांढरी माशी: इवलेसे पंख, पिठात बुडवल्यासारखे पांढरे. झाड हलवले की धूर उडावा तशी उडते.

फुलकिडे: पंख काडीसारखे अरुंद, कडेला केसांची झालर. हे सिकाडाच्या गोतातले नव्हेत, त्यांचे कूळ निराळे. हे पान खरवडून रस पितात, म्हणून पानाखाली चंदेरी चट्टे दिसतात.

मावा: काहींना पंख, काहींना नाहीत. कोवळ्या शेंड्यावर गर्दी आणि पानावर चिकटा.

पिठ्या ढेकूण: मादीला पंखच नसतात. अंगावर पांढरे पीठ आणि सोबत मुंग्यांची ये-जा.

सायला: ही संत्र्यावर पाहा. तपकिरी ठिपक्यांचे पंख, आणि बसताना डोके खाली, बूड वर.

क्रायसोपा: पोपटी अंग आणि बारीक जाळीचे पारदर्शक मोठे पंख. हा आपला मित्र. त्याची अळी मावा आणि तुडतुड्यांची पिल्ले खाते. केसासारख्या देठावर टेकलेली त्याची अंडी पानावर दिसली तर फवारणीचा हात आवरा.

मोजणीची रीतही सोपी आहे. शेतात वीस झाडे निरनिराळ्या ठिकाणची घ्या. प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे असे तीन पान पलटून मोजा. पानामागे सरासरी दोन ते तीन तुडतुडे किंवा दहा फुलकिडे भरले तर उपाय करण्याची वेळ आली. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवा. किडा ओळखला नाही, तर दुकानदार जे देईल ते दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारण्याची पाळी येते. त्याचे फळ आपण पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. प्रत्येक न लागणारी फवारणी टाळली, तर पैसा वाचतो आणि घरातला माणूसही वाचतो.

हे पाहणीचे काम घरातल्या बायामुलांचे डोळे चांगले करतात, असा माझा अनुभव आहे. निंदताना, वेचताना पानाशी त्यांचाच जास्त संबंध येतो. त्यांनी काही दाखवले तर "तुले काय समजते" म्हणू नका.

शेजारच्या मुलाने तो सिकाडाचा पंख वहीत चिकटवला. खाली नाव, गाव आणि तारीख लिहिली. आता त्या वहीत अकरा पंख झाले आहेत. परवा तो पुन्हा आला. "काका, यातल्या दोन पंखांचं नाव मी अजून लिहिलं नाही. आणखी नमुने मिळू द्या, मग लिहीन."

पोराने विद्वानांची रीत बरोबर उचलली, असे मनात आले. येत्या हंगामात कपाशी लाल पडलेली दिसली, तर तुम्हीही नाव ठेवण्याआधी एवढे करा. धुऱ्यावरून आत उतरा आणि पान पलटून पाहा.